सेलच्या कप्प्यावरचं झाकण

शाळेपासूनचा माझा मित्र मिलिंद. त्याने लहानपणीचा हातातला व्हिडिओ गेम परवा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. तेच पिवळट पडलेलं प्लास्टिकचं खोकं, तेच झिजलेलं लाल बटण. आत मात्र सगळं आजचं. नवा बोर्ड, नवा रंगीत पडदा. ते मावेना म्हणून त्याने आठवडाभर खोकं आतून कानशीने घासलं होतं.

"सेलचा कप्पा तर पार उडवला," तो कौतुकाने म्हणाला. "आता चार्जिंगची बॅटरी. झाकणही नवं बसवलंय बघ."

माझा जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू?

आमच्या कॉलनीत असा गेम एकट्या मिलिंदकडे होता. पहिल्याच सुट्टीत त्याचं झाकण हरवलं आणि सेल जागेवर राहीनात. ते मागून बोटाने दाबून धरायचं काम माझं. तो खेळायचा, मी दाबून धरायचो. बोट जरा हललं की पडदा विझायचा आणि तो माझ्यावर ओरडायचा. तरी त्याच्या प्रत्येक जिंकण्यात माझं एक बोट आहे, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

माणसं जुनं जपतात, पण आपल्यापुरतं. बटणाची झीज त्याने तशीच ठेवली होती. ती त्याच्या अंगठ्याची होती.

"घे, खेळ की," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा.

मी गेम हातात घेतला. पडदा लख्ख उजळला आणि माझं बोट आपसूक मागे गेलं. तिथे गुळगुळीत, घट्ट झाकण होतं.

मी तरीही दाबून धरलं.