शिव्या देणारी बेल

"गजू, पिंपळगावची बेल शिव्या देऊन राह्यली."

आमच्या दुकानाच्या शेठचा फोन आला तेव्हा मी खामगावात कापसाच्या एका जिनिंगच्या पत्र्याखाली शिडीवर उभा होतो. एका हातात कॅमेरा, तोंडात स्क्रू. स्क्रू काढून मी विचारलं, "कोणती बेल?"

"पिंपळगाव राजाची. तुळशीरामजीच्या घरची. तूच बसवली ना? समोरच्या माणसानं फोन केला. म्हणे बेल दाबली की मले शिव्या देते."

"शेठ, बेल शिव्या देत नाही. बेल टिंगटाँग करते."

"मंग ते त्याईले जाऊन सांग. माह्यं डोकं नको खाऊ."

मी आधी डिश अँटेना बसवायचो, मग सीसीटीव्ही, आणि आता या स्मार्ट डोअरबेल. बटणाच्या डबीत छोटा कॅमेरा, माइक आणि स्पीकर असतो. बाहेरच्यानं बटण दाबलं की घरातल्याचा मोबाइल वाजतो आणि दारातला माणूस त्यावर दिसतो. मोबाइलवरचं हिरवं बटण दाबून बोललं की आपला आवाज दारातल्या डबीतून निघतो. याला आम्ही टू-वे ऑडिओ म्हणतो. ज्यांना उठण्याबसण्याचा त्रास आहे अशा म्हाताऱ्या माणसांसाठी ही सोय चांगली. दारात कोण आहे ते खाटेवरूनच कळतं.

तुळशीरामजींकडे ती बसवायला लावली त्यांच्या मुलानं, संदीपनं. तो पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आई वारलेली, वडील घरात एकटे, गुडघे गेलेले, कान अर्धे. कोणी हाक मारली की ते घाईघाईनं उठतात आणि एक दिवस पडतील, ही संदीपची भीती.

बसवायला गेलो तेव्हा तुळशीरामजी माझ्या ड्रिलकडे बघत म्हणाले होते, "भाऊ, बेल वाजवाले फाटक लावा लागन ना? माह्यं फाटक तं उघडंच राह्यते."

संदीपनं फोनवरून हुकूम सोडला, आजपासून फाटकाला आतून कडी. कडी लागली, बेल फाटकाच्या खांबावर बसली, आणि सुरुवातीला गावातल्या कोणीही ती दाबली नाही. लोक फाटकापाशी उभे राहून "ओ तुळशीरामभाऊ" असं ओरडत. ऐकू नाही गेलं तर पत्र्यावर खडा मारत. बेलचा उपयोग फक्त शेळ्यांनी केला. कॅमेऱ्यासमोर काही हललं की मालकाच्या मोबाइलवर मेसेज जातो, त्याला मोशन अलर्ट म्हणतात. पुण्यात मीटिंगमध्ये बसलेल्या संदीपला शेळ्यांचे इतके फोटो गेले की वैतागून त्यानं ते मेसेज म्यूटच करून टाकले.

आणि आता बेल शिव्या देत होती.

मी पिंपळगावला पोचलो तेव्हा तक्रारदार रस्त्यात उभेच होते. वामनराव. तुळशीरामजींच्या समोरच घर, वय त्यांच्याएवढंच, काटकुळे, टोपी कडक इस्त्रीची.

"तुम्हीच का मशीनवाले?"

"हो. काय झालं?"

"तुमच्या मशीननं मले आज पराटीचं बुजगावणं म्हणलं."

पराटी म्हणजे कपाशीचं झाड. वामनरावांच्या अंगकाठीकडे बघून मी चेहरा सरळ ठेवला.

"अन् काल सडकं भेद्रं म्हणलं," ते पुढे म्हणाले. भेद्रं म्हणजे आमच्याकडे टमाटर.

"मग तुम्ही बेल दाबता काऊन?"

"पाहाले."

"काय पाहायला?"

"बंद झाली का नाई ते."

"तुळशीरामजींकडे काही काम असतं का?"

"त्याच्याकडं? त्याच्याशी मी बोलत नाई," वामनराव म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

आत तुळशीरामजी खाटेवर बसून दाण्याच्या शेंगा फोडत होते. मी बेलचा विषय काढला. ते म्हणाले, "मले काय मालूम? मशीन तुमची."

मी बेल उघडली. वायर बघितली. पासवर्ड बदलला. मशीन रीसेट केली. संदीपला फोन लावला तर तो घाबरला.

"हॅक झालीये! कुणीतरी बाहेरचं माणूस बोलतंय त्यातून. पोलिसात द्यायचं का?"

"थांबा. तुमच्याशिवाय हे अ‍ॅप कोणाच्या मोबाइलमध्ये आहे?"

"माझ्या आणि बाबांच्या. बाबांना तर मोबाइल नीट उचलताही येत नाही."

हॅकरला पराटी आणि भेद्रं माहीत असण्याची शक्यता मला कमी वाटली. मी बाहेर जाऊन वामनरावांना म्हटलं, एकदा माझ्यासमोर बेल दाबा. आणि मी ओसरीच्या खिडकीपाशी येऊन उभा राहिलो.

वामनरावांनी टोपी सरळ केली. घसा साफ केला. बटण दाबलं. आत मोबाइल वाजला. मोबाइल नीट उचलता न येणाऱ्या तुळशीरामजींनी शेंगा बाजूला ठेवल्या, हात झटकले, हिरवं बटण दाबलं, आणि भाजलेलं कणीस धरावं तसा मोबाइल तोंडासमोर धरला.

"आला का बे, वाळक्या! काल रात्री खाल्लं नाई का काही? फाटकाची सळई कोणती अन् तू कोणता, कॅमेऱ्यात समजून नाई राह्यलं!"

बेलच्या स्पीकरमधून हे सगळं डब्यातून आल्यासारखं, चिरक्या आवाजात निघालं. फाटकावरून वामनरावांचं उत्तर तयार होतं.

"तुह्या बैलाले पोळ्याच्या दिवशी झोप लागली होती, हे विसरला का बे? अख्ख्या गावानं पाह्यलं!"

मी खिडकीतून म्हणालो, "तुळशीरामजी."

त्यांनी मोबाइल उशीखाली सारला. मग माझ्याकडे बघून हसले. दात नव्हते तरी फार मोकळं हसू होतं.

भांडण पोळ्याचं होतं. खूप वर्षांपूर्वी तोरणाखालून कोणाची बैलजोडी आधी जाणार, यावरून दोघांची बाचाबाची झाली. दोघांनी मारुतीसमोर शपथ घेतली की एकमेकांशी जन्मात बोलणार नाही. आता दोघांच्याही घरी बैल नाहीत, शेतात ट्रॅक्टर आहे. शपथ मात्र दोघांनीही पाळलेली.

"मग हे आत्ता काय होतं?" मी विचारलं.

"मी कुठं त्याच्याशी बोललो? मी मोबाइलशी बोललो. मोबाइल पुढं कोणाले सांगते तो त्याचा विचार."

वामनरावांना बाहेर जाऊन तेच विचारलं. ते म्हणाले, "मी मशीनले उत्तर देल्लं. मशीननं मले बोलाचं अन् मी आयकून घ्याचं का?"

"मग शेठकडे तक्रार कशाला केली?"

वामनरावांनी बेलकडे बोट केलं. "तो मशीनमधून मोठ्यानं बोलते. माह्या आवाजाले काही मशीन नाई. हे बरोबर हाये का, तुम्हीच सांगा."

शेठला मी रिपोर्ट दिला. त्यांनी विचारलं, "फॉल्ट काय निघाला?"

"फॉल्ट नाही. कस्टमरच बोलतो."

"मंग कस्टमरले बंद कर."

संदीपला सांगितलं तर त्याला लाज वाटली. त्याच्या सांगण्यावरून मी तुळशीरामजींच्या मोबाइलमधला टू-वे ऑडिओ बंद केला. आता माणूस दिसणार, पण उलट बोलता येणार नाही. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

थोड्याच दिवसांत शेठचा पुन्हा फोन. आवाज फार वरचा.

"गजू, पिंपळगावची बेल मुकी झाली म्हणतात!"

"कोण म्हणतं?"

"तोच! ज्याले शिव्या देत होती तोच! आधी म्हणे बोलते काऊन, आता म्हणे बोलत नाई काऊन. अन् त्या तुळशीरामजीचाही फोन होता. म्हणे मशीन वापस घेऊन जा, घर कसं सुनं सुनं लागते. तू केलं काय तिथं?"

मी पुन्हा पिंपळगावला गेलो आणि ऑडिओ चालू केला. माझ्यासमोरच वामनराव आले, दाबलं, ऐकून घेतलं, सुनावलं आणि समाधानानं घरी चहाला गेले. अशा सर्व्हिस कॉलची नोंद कोणत्या खान्यात लिहायची ते मला अजून कळलेलं नाही.

यानंतर हिवाळा लागला. एका सकाळी मी दुकानात सीसीटीव्हीचा रेकॉर्डर दुरुस्त करत होतो. वामनरावांचा फोन आला. एव्हाना माझा नंबर त्यांना पाठ झाला होता.

"मशीन बिघडली. उत्तर देऊन नाई राह्यली."

"पुन्हा दाबून बघा."

"लय वेळा दाबली. पोळ्याचं काढलं, बैलाचं काढलं, त्याच्या सासरचंही काढलं. चूप हाये."

मागच्या फेरीत दुरुस्तीसाठी तुळशीरामजींच्या बेलचं अ‍ॅप मी माझ्या मोबाइलमध्येही घेतलं होतं. मी उघडून बघितलं. बेल ऑनलाइन होती. वायफाय चालू. चित्र स्वच्छ. चित्रात वामनरावांची टोपी आणि अर्धा डोळा. तुळशीरामजींचा मोबाइलही जोडलेला, वाजून वाजून थांबलेला.

"वामनराव, मशीन चांगली आहे. काहीच बिघडलेलं नाही."

वामनराव एकदम वेगळ्या आवाजात म्हणाले, "मंग तुळशा बिघडला."

मी म्हटलं, "फाटक उघडा!" आणि लगेच संदीपला फोन लावला. त्याला सांगितलं, आधी अ‍ॅप उघडा.

फाटकाला आतून कडी होती. वरची सळई उंच, कडीपर्यंत बाहेरून हात पोचत नव्हता. मी दुकानातून बघत होतो, संदीप पुण्यातून. वामनरावांनी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि फाटकावर पाय ठेवला. संदीपच्या लक्षातच येईना काय चाललंय. तो बेलमधून ओरडला, "ए, कोण चढतंय तिकडे? उतर खाली!"

वामनराव फाटकावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून बेलकडे वाकले आणि गरजले, "तुहा काका चढून राह्यला! चूप बस!"

आणि पलीकडे उतरले. कडी काढली. आत धावले.

तुळशीरामजी न्हाणीत पडले होते. पाय घसरला होता. ओल्या फरशीवर थंडीत किती वेळ पडून होते कोण जाणे. हाक मारून आवाज बसला होता. मोबाइल आत खाटेवर. शुद्धीवर होते, पण ओठ निळे पडले होते.

यापुढचं मला वामनरावांनी नंतर सांगितलं, आणि बाकीचं बेलच्या क्लिपमध्ये आहे, म्हणून विश्वास ठेवतो. वामनरावांनी खाटेवरची गोधडी आणून त्यांच्यावर टाकली आणि विचारलं, "कुठं लागलं बे?" तुळशीरामजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. शपथ.

वामनराव उठले. मोबाइल आणून तुळशीरामजींच्या हातात कोंबला. मग पाय आपटत अंगणातून फाटकापर्यंत गेले आणि बेल दाबली.

"कुठं लागलं?"

बेलमधून बारीक आवाज आला, "मांडीत. उठता नाई येत."

"थंडी वाजून राह्यली का?"

"हाव."

"मंग मघाशी काऊन नाई सांगितलं, येड्या?"

"तू बेल कुठं दाबली होती?"

हे ऐकत पुण्यात संदीप रडत होता. मला त्याचं हुंदके देणं ऐकू येत होतं, कारण तोही बेलमधूनच बोलत होता आणि गल्लीत जमलेल्या सगळ्यांना ऐकू जात होतं. तेवढ्यात लोकांनी गाडी आणली. वामनरावांनी तुळशीरामजींचं डोकं मांडीवर घेतलं आणि खामगावच्या दवाखान्यापर्यंत दोघंही एक शब्द बोलले नाहीत.

मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ थंडीत गेला असता तर हाडाचा प्रश्नच उरला नसता.

तुळशीरामजी घरी आले तेव्हा संदीप आठवडाभर राहिला. डॉक्टरांनी वॉकर धरून रोज चालायला सांगितलं होतं. तुळशीरामजी खाटेवरून हलत नव्हते. संदीपनं समजावलं, चिडला, हात जोडले. उपयोग नाही.

त्याच आठवड्यात वामनराव स्वतः दुकानात आले. शेठ त्यांना चेहऱ्यानं ओळखत नव्हते. त्यांनी विचारलं, "काय पाहिजे, काका?"

"बेल. बोलणारी. आवाज मोठा पाहिजे."

मी ती वामनरावांच्या फाटकावर बसवली, तुळशीरामजींच्या बेलच्या बरोबर समोर. दोन्ही कॅमेरे एकमेकांकडे तोंड करून. बसवून वायर आवरत होतो तर मागून खट-खट आवाज आला. तुळशीरामजी वॉकर धरून रस्ता ओलांडत होते. कपाळावर घाम, तोंड वाकडं झालेलं. मागे संदीप हात पसरून, धरू की नको अशा अवस्थेत. ते वामनरावांच्या फाटकापाशी पोचले, श्वास घेतला आणि नवीन बटणावर बोट ठेवलं.

आतून वामनरावांनी मनसोक्त सुनावलं. तुळशीरामजींनी पूर्ण ऐकलं, मान हलवली आणि वॉकर वळवला.

"उद्या येतो," ते बेलला म्हणाले.

या धंद्यात आता बरीच वर्षं झाली. वयस्कर माणसाच्या घरी बेल बसवायला गेलो की वायफायची रेंज, वायरिंग, खांबाची उंची हे सगळं बघतो. पण त्याआधी समोर कोण राहतं ते विचारतो. तो माणूस फारच सज्जन निघाला, तर बेलचा किती उपयोग होईल याची खात्री मी कस्टमरला देत नाही.