वसाकचा उजवा हात

सम्राटाच्या सरहद्दीवरच्या फिलिपोपोलिसच्या छावणीत वसाकसारखा भालाईत दुसरा नव्हता, आणि त्याच्याइतका पक्का पाखंडीही. तो पौलपंथी. या लोकांच्या लेखी क्रूस म्हणजे नुसतं लाकूड, त्याच्यापुढे मान झुकवायची नाही. एरवी सम्राटाचे पाद्री त्यांना विहिरीलासुद्धा शिवू देत नसत. धाडी घालणाऱ्या पेचेनेगांचे घोडे नदीपलीकडे दिसले, की मात्र तेच पाद्री त्यांच्या घोड्यांना दाणा घालायला धावत. असल्या चाकरीत वसाकचे केस पांढरे झाले होते.

त्याचा एकुलता एक मुलगा झाकार पहिल्याच चकमकीत मांडीत बाण घेऊन परतला. जखम चिघळली, ताप चढला. बायको मागेच गेलेली. आता हाही जातो की काय, म्हणून वसाकचा जीव टांगणीला लागला. शेवटी त्यानं त्याच्या लोकांत गुपचूप करतात ते केलं. एवग्री नावाच्या म्हाताऱ्या साधूकडून लाकडी क्रूस मागून आणला आणि पोराच्या छातीवर ठेवला, औषधाची मुळी बांधावी तसा.

"आलास ना शेवटी ठिकाणावर!" क्रूस देताना साधू हरखला होता. "पोरगा बरा झाला की परत आण हं. माझ्या गुरूंचा आहे."

"आणतो की," वसाक म्हणाला. त्या घटकेला तो कशालाही हो म्हणाला असता.

ताप उतरला. झाकार उठून बसला आणि म्हणाला, "बाबा, भूक लागलीय." वसाक ढसाढसा रडला. दुखणं गेलं की क्रूस मोडून टाकायचा, नाहीतर माणूस त्याचीच पूजा करायला लागतो, असं त्याला आईनं शिकवलं होतं. आनंदाच्या भरात त्यानं तो गुडघ्यावर मोडला आणि पेजेखाली चुलीत सारला. साधूला दिलेला शब्द त्याच्या ध्यानातही राहिला नाही.

एवग्री चौकशीला आला तेव्हा एक तुकडा अजून जळत होता.

सरदार निकेफोरनं बापलेकाला भर छावणीत उभं केलं. क्रूस मोडणाऱ्याचा उजवा हात तोडायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वसाकनं आपणहून बाही वर केली.

"तू कशाला पुढे येतोस?" निकेफोर वैतागला. "उद्या पेचेनेग नदी उतरतायत. तुझा हात लागतो मला."

"सरकार, मोडला मी!"

"कुणासाठी मोडलास? या लंगड्यासाठीच ना? हा काही इतक्यात घोड्यावर बसत नाही. याचाच घ्या रे."

"सरकार, पोराचा काय गुन्हा? मी मुका घेतो क्रूसाचा, आत्ता घेतो, सगळ्यांदेखत घेतो!"

"घे की. अडवलंय कुणी तुला?"

वसाकनं गुडघे टेकले आणि एवग्रीच्या गळ्यातल्या क्रूसाला पुन्हा पुन्हा ओठ लावले. त्याचे सोबती थुंकले आणि पाठ फिरवून निघून गेले. तोवर ओंडक्यावर कुऱ्हाड पडली होती.

"आणि उद्या मागे सरलास," निकेफोर म्हणाला, "तर पोराचा डावाही आहे."

दुसऱ्या दिवशी वसाक सगळ्यांच्या पुढे लढला. निकेफोरनं खूश होऊन त्याला आपल्या ताटातलं मांस दिलं. वसाकनं ते तंबूत आणलं, बारीक केलं आणि एक घास झाकारच्या तोंडाशी धरला.

झाकारनं तोंड फिरवलं. "त्या हातानं नको, बाबा."