ह्यांच्या नावाचा निधी

हे मी कुणाला बोललेले नाही. चर्चच्या पाळकांना नाही, रोज तासभर फोनवर बोलणाऱ्या बहिणीला नाही — आणि प्रार्थनेत तर मुळीच नाही. देवाला ठाऊकच आहे, त्याला वेगळं काय सांगायचं? म्हणून त्याच्याशी हल्ली मी कामापुरतंच बोलते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या मंडळीतले नाही. रविवारी तुमचं तोंड बघायची वेळ माझ्यावर येणार नाही.

आणि सहानुभूती नको. ती मला भरपूर मिळाली आहे, तीही खोटं बोलून.

मी शालिनी. मूळची नगरची. आयुष्यभर नर्स होते — आधी मिशनच्या दवाखान्यात, मग इथे मिशिगनमध्ये. माझे यजमान मनोहर इथल्याच नोव्हाय गावी गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. आम्ही आलो तेव्हा इथे मराठी ख्रिस्ती माणसं बोटांवर मोजण्याइतकी. कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचं, पेटीवर आपली गीतं म्हणायची, नंतर पुलाव खायचा. हळूहळू मंडळी वाढली, स्वतःची छोटी इमारत झाली, पाळक आले, कमिटी आली. कमिटी आल्यावर भांडणं यायचीच, ती आली.

भांडण भाषेवरून. इथे जन्मलेल्या मुलांना मराठी उपदेश कळायचा नाही. ती मागच्या बाकांवर मान खाली घालून फोन बघत बसायची. नोएल त्यांच्यातलाच — आमच्या शेजारच्या एस्तेरचा मुलगा, निम्मा माझ्या स्वयंपाकघरात वाढलेला. तो धर्मशिक्षण घेऊन परत आला आणि म्हणाला, एक उपासना इंग्रजीत करू या. गिटार, ड्रम, पडद्यावर गाण्याचे शब्द. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा धिंगाणा कशाला, देवाला ऐकू कमी येतं का? — असं मी चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचे. बायका हसायच्या. मला वाटायचं, त्या माझ्या बाजूच्या आहेत.

मराठीवरच्या प्रेमापोटी बोलत होते का? तसं मी सांगत आले. पण थांबा — मला जरा मागे जावं लागेल.

आम्हाला एकच मुलगा, रॉबिन. आता दूर दुसऱ्या राज्यात, कॅरीला असतो, औषधांच्या कंपनीत. शाळेत असताना एका रविवारी तो चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीतून उतरेचना. "मॉम, आय डोन्ट अंडरस्टँड अ वर्ड. आय जस्ट सिट देअर." हे म्हणाले, जाऊ दे त्याला त्या कोपऱ्यावरच्या अमेरिकन चर्चमध्ये, त्याचे मित्र जातात. मी म्हटलं, आपल्या मंडळीत नाही तर कुठेच नाही. रॉबिननं 'कुठेच नाही' निवडलं. आजतागायत तो कुठल्याही चर्चची पायरी चढलेला नाही. नाताळला त्याचा फोन येतो. आम्ही हवामानावर बोलतो.

आणि इकडे एस्तेरचा मुलगा बायबल उघडून उभा राहतो, पोरं त्याच्या तोंडाकडे बघत बसतात! मला ते बघवत नव्हतं. एवढंच होतं. मराठीचा पुळका नंतरचा.

मग हे आजारी पडले. कॅन्सर. शेवटी हॉस्पिटल नको म्हणाले, म्हणून घरीच ठेवलं. दुखण्यावरचं औषध मीच द्यायचे, जिभेखाली. एका दुपारी औषधाची वेळ झाली तर ह्यांनी माझा हात बाजूला केला. आधी बोलू दे, म्हणाले, औषध घेतलं की डोकं धुकट होतं. कपाळावर घाम, मुठीत चादर. तशाही स्थितीत एकेक शब्द नीट सांगितला. आमची साठवण चर्चला द्यायची हे आमचं आधीच ठरलं होतं — एन्डाउमेंट म्हणून, कायमचा निधी. मुद्दलाला कुणी हात लावायचा नाही, उत्पन्नावर मंडळी चालवायची, आपण गेल्यावरही. आता हे म्हणाले, तो निधी मुलांच्या उपासनेसाठी दे. त्यांच्या भाषेत होऊ दे. नोएलला मी काल सांगितलं आहे.

आणि मग म्हणाले, "रॉबिन आपल्या हट्टापायी गेला, शालू. बाकीची तरी राहू देत."

'आपल्या' म्हणाले. हट्ट माझा होता. मरतानाही माणूस माझ्या वाटणीचं ओझं अर्धं स्वतःकडे घेत होता — आणि मला काय वाटलं? राग आला. जाता जाता मला आरोपी करून चालले, असं वाटलं.

ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. जिभेखाली औषध सोडलं, तोंड पुसलं. त्यांना झोप लागली. त्यानंतर एवढं सलग ते कधी बोललेच नाहीत.

हाच तो गुन्हा का? नाही हो. बायको नवऱ्यापुढे गप्प बसली, एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

हे गेल्यावर काही आठवड्यांनी, उपासनेनंतर हॉलमध्ये कमिटी बसली. निधीला ह्यांचं नाव द्यायचं ठरलं. मग खजिनदारांनी विचारलं, काकू, काही अट घालायची आहे का? इथल्या कायद्यानं देणारा जी अट घालील ती निधीला चिकटते, पैसा दुसरीकडे वळवता येत नाही, हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. मला ते चांगलं समजलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, ह्यांची शेवटची इच्छा होती — हा निधी फक्त मराठी उपासनेसाठी. दुसऱ्या कशालाही नाही.

मला रडू आलं. रडणं खरं होतं, हेच तर वाईट! नवरा गेला होता, डोळे भरलेलेच होते. मी ते तिथे वापरले.

नोएल उठला. बिचकत म्हणाला, "काकू, आय ॲम सो सॉरी, पण काकांनी मला वेगळं सांगितलं. ही वॉज व्हेरी क्लिअर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी माझा नर्सचा आवाज काढला — पेशंटच्या नातेवाइकांना समजावताना काढतात तो, मऊ आणि थंड. "बाळा, काका मॉर्फीनवर होते. त्या अवस्थेत पेशंट काय वाटेल ते बोलतो. मी नर्स आहे ना रे."

झालं. नर्सपुढे कोण बोलणार? कुणीतरी नोएलच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. एस्तेरनं सगळ्यांसमोर मुलाच्या वतीनं माझी माफी मागितली. मी माफ केलं. हो — मी माफ केलं!

हे शुद्धीवर होते. शुद्धीवर राहावं म्हणून त्यांनी ते दुखणं सोसलं, आणि मी त्यांना चारचौघांत भ्रमिष्ट ठरवलं. औषध माझ्या हातात होतं. त्या दुपारी त्यांच्या अंगात त्याचा किती अंश उरला होता, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

नोएल मंडळी सोडून गेला. त्याच्यामागे तरुण कुटुंबं गेली. ती एका शाळेच्या जिममध्ये जमतात म्हणे. दर रविवारी खुर्च्या मांडायच्या, दर रविवारी आवरायच्या. इकडे आमचं छप्पर नवं, हीटिंग उत्तम, पाळकांचा पगार वेळेवर — सगळं ह्यांच्या निधीतून. फक्त बाकांवर माणसं नाहीत. दर हिवाळ्यात एखादा कायमचा फ्लोरिडाच्या उबेला जातो, एखादा देवाघरी. संडे स्कूलच्या खोलीत आता जुन्या टेबलांची अडगळ आहे. मंडळीचं भविष्य सुरक्षित केलं म्हणून माझा सत्कार झाला होता. शाल पण दिली होती.

आता कमिटीला जाग आली आहे. नोएलच्या लोकांना परत बोलवायचं, निधी त्यांच्यासाठीही वापरायचा. वकील म्हणाले, देणारी बाई हयात आहे तोवर तिच्या एका सहीनं अट सुटेल. ती गेल्यावर मात्र कोर्टात जावं लागेल, आणि तिथे काय होईल सांगता येत नाही. सगळे अगदी हळुवारपणे विचारून गेले. मी नकाराची मान हलवली. माझी पतिनिष्ठा बघून त्यांचे डोळे ओलावले.

मग फेब्रुवारीत नोएल स्वतः आला. आता दोन मुलींचा बाप आहे, केस विरळ झालेत. चहा घेतला. माझ्याच घरी शिकलेल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "काकू, तुम्ही काकांबद्दल कुणाला काही एक्स्प्लेन करू नका. मी पण नाही करणार, नेव्हर. फक्त साइन करा. मुलांना जागा पाहिजे."

तुम्ही खोटं बोललात, असं त्यानं म्हटलं नाही. माझी अब्रू माझ्याजवळ ठेवून त्यानं मला दार उघडून दिलं. माणसाला आणखी काय हवं असतं?

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "ह्यांची शेवटची इच्छा मला मोडवत नाही रे, बाळा."

पहिल्या वेळी निदान घरात दुःख ताजं होतं. या वेळी काही नव्हतं. चहा होता, बिस्किटं होती, आणि मी पूर्ण भानावर होते. सही केली तर रॉबिनबद्दलचं ह्यांचं ते वाक्य खरं ठरतं. ही सबब नाही. मला त्या क्षणी एवढंच सुचलं होतं, म्हणून सांगते.

"ओके, काकू," म्हणाला. कप विसळून ठेवला आणि गेला. थोड्या वेळानं बाहेर खरवडल्यासारखा आवाज आला. पडद्याआडून बघितलं, तर गॅरेजमधलं फावडं घेऊन माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होता. लाज वाटली असं म्हटलं तर शोभून दिसेल. नाही वाटली. त्याचा संताप आला — निदान तोंडावर चार शिव्या तरी द्यायच्या होत्यास!

सही मी अजून केलेली नाही.

त्या रविवारी त्याच ड्राइव्हवेवरून मी गाडी काढली. नेहमीसारखी पहिल्या बाकावर बसले. ह्यांचा स्मृतिदिन जवळ आला होता, म्हणून पाळकांनी वेगळी प्रार्थना केली — आमच्या दिवंगत बंधूची शेवटची इच्छा या मंडळीत सदैव पूर्ण होत राहो.

मी आमेन म्हटलं. सगळ्यांच्या आधी.