खर्जाची वही

रूथचा फोन आला तेव्हा इथे आखातात, रिग्गईच्या फ्लॅटमध्ये मी एसीवाल्याशी हुज्जत घालत होतो. त्याने गॅस भरलाच नाही, असा माझा संशय होता. "अंकल, पप्पा गेले," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं नेहमीप्रमाणे इंग्रजीत... झोपेतच गेले, त्रास झाला नाही, काल नगरला माती दिली. मी विचारलं, "डॉक्टर नक्की काय म्हणाले? कागद आहेत ना?"  मग पोरगी म्हणाली, "यू आर स्टिल द सेम, अंकल." फोन ठेवला आणि एसीवाल्याला मुकाट जाऊ दिलं. शमुवेल भिंगारदिवे गेला होता, आणि त्याच्याशी आठ वर्षं मी धड बोललो नव्हतो.

आम्ही एकाच हॉस्पिटलात होतो. तो एक्स-रे विभागात, मी पॅथॉलॉजीत. तो नगरचा, मी सांगलीचा. आखाती युद्धानंतर जे इकडे नोकरीवर परत आले त्यांत आम्ही दोघं. रिपोर्ट दोनदा तपासल्याशिवाय सही करायची नाही हे माझं ब्रीद, आणि ते मी घरीही सोडत नसे. शर्कच्या मासळीबाजारात मी पापलेटाचे कल्ले उघडून, बोटाने दाबून, हुंगून बघायचो. शमुवेल विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून घ्यायचा. "तांबे, अरे मासा मेलाय, त्याची उलटतपासणी कशाला?" असं म्हणून हसायचा. वैताग यायचा मला त्या हसण्याचा. इतका विश्वास टाकणारा माणूस एक तर भोळा असतो नाही तर बनेल, असं माझं मत होतं.

आमच्याकडे भूल देणारी एक चेक डॉक्टरीणबाई होती. तिच्या गावच्या चर्चच्या माळ्यावर तीनशे वर्षांपूर्वीच्या एका संगीतकाराच्या हस्तलिखित वह्या पडून होत्या, त्यांची तिच्या वडिलांनी कधीतरी फिल्म काढून ठेवलेली. नोकरी सोडून जाताना ती गुंडाळी तिने शमुवेलला दिली. कारण काय, तर हॉस्पिटलात उजेडापुढे धरून बघायची सवय त्यालाच! एक्स-रे बघायचा एक दिव्याचा डबा मोडीत निघाला होता, काच कोपऱ्यात तडकलेली. तो घरी आणून, भिंग लावून, दोन वर्षं ह्याने एकेक सूर कागदावर उतरवला. सगळी प्रार्थनागीतं, समूहाने गायची. संगीतकाराचं नाव आम्हाला कुणालाच नीट उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्याला 'मास्तर' म्हणायचो.

त्याच सुमारास मुलांच्या शाळेसाठी बायको सांगलीला गेली. मी एकटा. शुक्रवारची सुटी अंगावर यायची. कॉरिडॉरमध्ये गुणगुणताना शमुवेलने मला पकडलं. "गातोस की लेका! ये आमच्यात." मी म्हटलं, मी हिंदू, तुमचं लॅटिन मला कळत नाही, आवाज पाच-सहा सुरांपलीकडे खाली उतरत नाही आणि दम तर मुळीच नाही. "येऊन तर बस. बघतो काय करायचं ते," तो म्हणाला. आवारातल्या पत्र्याच्या हॉलमध्ये बारा-पंधरा नर्सेस, चार पुरुष. बायकांचे दोन आवाज, पुरुषांचा वरचा आणि पुरुषांचा खालचा, म्हणजे खर्ज. पुढच्या शुक्रवारी खर्जाचा कागद माझ्या हातात, लॅटिन शब्द खाली देवनागरीत. मला तो झेपला! इतर तीन आवाज माझ्याभोवती उभे राहिले आणि मी त्यांच्या तळाशी. त्या दिवशी मी घरी जाऊन रडलो, हे आज लिहायला हरकत नाही.

पण स्वभावाला औषध नाही. एका गीतात पुरुषांच्या वरच्या आवाजाची एक ओळ होती, ती ऐकली की मला नगरकडचं भजन आठवायचं. लहानपणी चार वर्षं पेटी शिकलोय, कान काही अगदीच बधिर नाहीत. तीनशे वर्षांपूर्वीच्या चेक मास्तराला आमच्याकडची चाल कुठून सुचणार? गडी स्वतःचं दडपून मास्तरांच्या नावावर खपवतोय, असं मनाने घेतलं. एकदा घेतलं की संपलंच. फिल्म दाखव म्हटलं की तो म्हणे, "दाखवीन रे सवडीने." म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय!

मग त्या डॉक्टरीणबाईंमार्फत तिकडच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं. मास्तरांचं संगीत छापायचं होतं, शमुवेलची प्रत हवी होती. सगळ्या नर्सेस टाळ्या वाजवत असताना मी उभा राहिलो. "पाठवू नका. ह्यात ह्याने स्वतःचं घुसडलंय. जगात हसं होईल." कुठली ओळ, ते गाऊनही दाखवलं. शमुवेलचं तोंड उतरलं. बराच वेळ कागद चाळत राहिला, मग म्हणाला, "ती ओळ माझी नाही, तांबे. देवाशपथ." बाकीच्या ओळींबद्दल एक अक्षर नाही. मी ते बरोबर टिपलं आणि चोर सापडल्याच्या तोऱ्यात बाहेर पडलो. पुन्हा त्या हॉलमध्ये गेलो नाही. निवृत्त होऊन नगरला जाताना तो दिव्याचा डबा माझ्या दारात ठेवून गेला. मी घरात होतो. दार उघडलं नाही.

रूथच्या फोननंतर महिन्याभराने पार्सल आलं. आत एक छापील पुस्तक आणि फिल्मची गुंडाळी. पुस्तकात ती भजनासारखी ओळ जशीच्या तशी. छापील शब्दावर माझा विश्वास नाही, म्हणून डबा लावला, भिंग घेतलं, फिल्म उलगडली. तीनशे वर्षांपूर्वीच्या शाईत, मास्तरांच्या हातची, तीच ओळ. अख्ख्या हॉलसमोर मी एका खऱ्या माणसाला खोटं पाडलं होतं. लाज वाटली... फार लाज वाटली.

मग म्हटलं, आपला खर्ज तरी बघू. फिल्म ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पाहिली. त्या काळी प्रत्येक आवाजाची वही वेगळी असायची. फिल्मवर वह्या तीनच होत्या. पुन्हा पुस्तक उघडलं. गाण्याच्या प्रत्येक पानावर चौथी जागा कोरी, आणि प्रस्तावनेत एक वाक्य: खर्जाची वही हरवली आहे, आमच्याकडे फिल्मची नक्कल व प्रत पाठवणाऱ्या गृहस्थांनी स्वतः रचलेल्या खर्जाचं श्रेय घेण्यास नकार देऊन फक्त तीन आवाज पाठवले.

ज्या कागदावर मी कधीच संशय घेतला नाही, तो माझाच होता. डबा आता रोज संध्याकाळी लावतो. त्याच्यावर फिल्म ठेवत नाही, पिवळा पडलेला माझा खर्ज ठेवतो आणि एकटाच गातो. एकही सूर माझ्या आवाजाच्या खाली जात नाही. आणि जिथे जिथे माझा दम संपतो, तिथे तिथे शमुवेलने थांबायला जागा ठेवलेली आहे.