जालन्यातली इटली आणि वाटूरचा फोटो

लोक इटली पाहायला विमानात बसतात. आम्ही वडीगोद्रीहून आमच्या जुन्या गाडीत बसलो आणि दीड तासात पोचलो. माझी लेक अनघा जालन्यात नोकरीला आहे. तिच्या गल्लीत नवं इटालियन हॉटेल उघडलं होतं. रविवारी दुपारी आपण चौघांनी तिथं जेवायचं आणि मग ती आमच्याबरोबर आठवडाभर घरी येणार, असा तिचा हट्ट. आमचं दुकान बंद ठेवावं लागणार म्हणून मी कुरकुर केली. माझी कुरकुर आमच्याकडे कोणी मनावर घेत नाही.

मागच्या सीटवर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. अंबडला त्यांनी गाडीतूनच देवीच्या टेकडीला हात जोडले आणि त्यांचं नेहमीचं सुरू झालं. त्यांचं माहेर वाटूर. त्या आठ दिवसांच्या असताना आई गेली, मावशीनं वाढवलं. जितेपणी आईचा एकही फोटो नव्हता, म्हणून ती गेल्यावर घरच्यांनी जालन्याहून फोटोवाला बोलावला होता. पण तो फोटो घरी आणायचा वडिलांना कधी धीरच झाला नाही. "माय कशी दिसायची, मला ठावं न्हाई," हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. त्या मावशीला मात्र मी पाहिलंय. उजव्या हाताची तर्जनी अर्धीच, लहानपणी विळ्यानं तुटलेली. त्याच हातानं त्यांनी माझी ओटी भरली होती.

गल्ली जुनीच. एका बाजूला कूलर दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी आणि मधोमध हे काचेचं दार. आत गारेगार, आणि आमच्याशिवाय एकही गिऱ्हाईक नाही. मालक तरुण, मारवाडी घरातला, पणजोबांपासून जालन्यात. त्यानं आत्याबाईंना वाकून नमस्कार केला तेव्हाच मला आवडला. ही जागा म्हणजे पूर्वीचा फोटो स्टुडिओ, म्हणाला. कित्येक वर्षं बंद होता. माळ्यावर निगेटिव्हची एक पेटी सापडली, तिच्यातले फोटो त्यानं मोठे करून भिंतीवर लावले. इटलीत म्हणे हॉटेलात आजी-आजोबांचे फोटो लावतात. यानं जालन्याचे आजी-आजोबा लावले. आमच्या ह्यांना कल्पना फारच पसंत पडली.

पास्ता आला. आत्याबाईंनी एक घास खाल्ला आणि निकाल दिला की ही आपली वरणफळंच (डाळीत शिजवलेले कणकेचे तुकडे), फक्त वरण घालायचं राहून गेलंय. ह्यांनी ठेचा मागितला, अनघानं कपाळाला हात लावला. आम्ही पोटभर हसलो.

मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. नऊ फोटो, प्रत्येकात खुर्चीवर बसलेलं एक माणूस आणि मागे ताणून धरलेलं कापड. फोटोतलं माणूस कसं, कुठूनही पाहा, आपल्याकडे बघतं. इथं एकही जण आमच्याकडे बघत नव्हता. कोणाचे डोळे मिटलेले, कोणाचे अर्धवट. जुने लोक कॅमेऱ्याला भीत असतील, असं मी मनाला सांगितलं, पण नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती. मग मला माझाच राग आला. एवढी चांगली लेक जेवायला घेऊन आलीय आणि मी भिंती बघत बसलेय.

आत्याबाईंनी चमचा खाली ठेवला. "सुनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "त्यांच्या पायाकडं बघ."

पाय अनवाणी होते. प्रत्येकाच्या पायाचे दोन्ही अंगठे दोऱ्यानं एकमेकांना बांधलेले. जित्या माणसाचे अंगठे कोणी बांधत नाही. मी एकेक फोटो बघत गेले. नऊच्या नऊ. आम्ही मयतांच्या पुढ्यात बसून अर्धं जेवण उरकलं होतं.

ह्यांनी मालकाला बोलावून दाखवलं. तो आधी हसला, मग जवळ गेला आणि तिथंच उभा राहिला. त्यानं हातातला पाण्याचा जग खाली ठेवला.

आत्याबाई उठल्या. काचेला नाक लावून एकेक फोटो बघत शेवटच्यापाशी, हात धुवायच्या बेसिनजवळ पोचल्या. आम्ही मागोमाग. खुर्चीवर एक तरुण बाई, मांडीवर तान्हं बाळ. कोपऱ्यात पांढऱ्या शाईनं लिहिलेलं, वाटूर. कापडामागून कोणीतरी हात घालून त्या बाईचं डोकं अंबाड्यापाशी सरळ धरून ठेवलं होतं. त्या हाताची तर्जनी अर्धी होती.

"मावशी," आत्याबाई म्हणाल्या. मग बाळावर बोट ठेवलं. "आन् ही मी."

बाळाचा चेहरा पुसट होता. हललं असणार. अख्ख्या भिंतीवर हललेलं तेवढं एकच.

मी बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तीच रुंद कपाळपट्टी, तोच जरा वर उचललेला ओठ. ती अनघा होती. माझी लेक, डोळे मिटून, अंगठे बांधून बसलेली. आणि अनघा तिच्या शेजारीच उभी राहून हात पुसत होती. मी तिला मनगटाला धरून मागे ओढलं.

मालकानं न विचारताच फोटो उतरवून पेपरात गुंडाळून दिला. बाकीचे आजच काढतो, म्हणाला, आणि कोणाकोणाचे आहेत त्याचा गावोगाव तपास करतो. मी मात्र पायरीवरच सांगून टाकलं, "हा फोटो आपल्या घरात लागणार नाही." एका म्हातारीला इतक्या वर्षांनी आईचं तोंड दिसलं आणि मी ते दाराबाहेर ठेवायला सांगत होते. हे मला कळत होतं, तरी मी बोललेच. आत्याबाईंनी पुडकं छातीशी धरलं आणि त्या गाडीत बसल्या.

परतताना ऊन अजून चांगलं होतं. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा. हे गाडी चालवत होते, मी शेजारी. अंबड मागे पडलं तेव्हा मी सहज आरशात पाहिलं. आत्याबाईंनी पेपर काढून फोटो मांडीवर उभा धरला होता आणि अनघा त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. एकाखाली एक तोच चेहरा, दोन्हीकडे डोळे मिटलेले.

मी गर्रकन वळून अनघाचा गुडघा हलवायला लागले. "अनघे, ऊठ. ऊठ म्हणते ना!"

"झोपू दे तिला," आत्याबाई म्हणाल्या. "मी बी मघापासून तेच बघून राह्यले." त्यांनी पदर बाजूला केला. अनघाचं मनगट त्यांच्या मुठीत होतं. "जालना सोडल्यापासून धरलंय. ऊन हाय. हात लावून बघ."

मी हात लावला. ऊन होतं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

"मायला बी अशीच चिकटले असंन मी," त्या फोटोकडे बघत म्हणाल्या. "मला काय कळतंय तवा, ऊन का गार."

इटली बघून आम्ही दिवे लागायच्या आत वडीगोद्रीत पोचलो. फोटो आत्याबाईंच्या खोलीत मीच लावला, खिळाही मीच ठोकला. अनघा आठवड्यानं जालन्याला परत गेली. आत्याबाईंचा चहा घेऊन मी रोज सकाळी त्या खोलीत जाते, पण आधी अनघाला फोन लावते. ती हॅलो म्हणाली की मगच आत पाऊल टाकते.