जत्रेत त्याच्याशी लागलेली कुस्ती

मी आजवर एकाच मुलावर प्रेम केलं, आणि भरल्या फडात, हलगी वाजत असताना, त्याच्याच कानाखाली आवाज काढला. आई अजूनही ही गोष्ट पाहुण्यांसमोर काढू देत नाही. म्हणून लिहून टाकते.

आम्ही सांगलीचे. वडील कुपवाडला कारखान्यात कामाला. मामाचं गाव मेढ्याच्या वर डोंगरात, आणि उन्हाळ्याची सुट्टी तिकडेच जायची. अकरावीच्या सुट्टीत शेजारच्या आळीतल्या एका मुलाशी माझं जमलं. जमलं म्हणजे काय, तर करवंदं काढायला जायचं, त्याने काट्यांत हात घालायचा आणि मी हसायचं. तो गावच्या तालमीत कुस्ती खेळायचा. त्याचं बघूनच मला माती आवडली. सांगलीला परतल्यावर मीही मुलींच्या तालमीत जायला लागले, दिवाळीत केस बारीक कापून घेतले आणि मोठ्या हौसेने त्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "हे काय करून ठेवलंस? पोरं मला हसत्यात." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुचतील तेवढ्या शिव्या लिहून मी त्याचा नंबर ब्लॉक केला. पुढे कितीतरी दिवस त्याचे जुने मेसेज उघडून वाचत होते, ते मात्र त्याला कळवलं नाही.

बारावीची परीक्षा संपली आणि मामाच्या गावची जत्रा आली. मामाने पंचांच्या मागे लागून जतच्या एका मुलीशी माझी कुस्ती ठरवली होती. ती मुलगी आलीच नाही. मी टी-शर्ट आणि अर्ध्या चड्डीत फडाच्या कडेला चरफडत उभी होते. समोर तो, आणि भोवती त्याची ती हसणारी पोरं. माझ्याकडे बघून एकजण काहीतरी बोलला, सगळे खिदळले. तोही हसला. मला त्याचे दात पाडायचे होते, दुसरं काही नको होतं.

आधी न ठरलेल्या कुस्त्या जत्रेत जागेवरच लागतात. पंच कडेकडेने फिरतात, सारख्या अंगाची दोन पोरं हेरतात आणि एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देतात. हात मिळाला की मागे सरायचं नसतं. जो सरतो त्याची गाव वर्षभर टिंगल करतं. आमचे पंच म्हातारे, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी त्याला मनगटाला धरून फिरवत आणलं, माझे केस बघितले, खांदे चाचपले आणि मलाही आत ओढलं. "ह्यो बरा हाय जोडीला," असं म्हणून त्यांनी आमचे हात मिळवले आणि वर केले.

मागून मामा ओरडला, "आवं आबा, पोरगी हाय ती! माझी भाची हाय!"

फडात हशा पिकला. पंचांनी कपाळावर हात मारून घेतला. तो लालबुंद होऊन हात ओढायला लागला. मी सोडला नाही.

"हात मिळालाय न्हवं? मग खेळायचं," मी म्हणाले.

"येडी का काय? लागंल तुला."

"लागू दे. का पोरं हसतील?"

तोवर लोकच ओरडायला लागले, लावा कुस्ती, लावा. पंचांनी हात झटकले आणि बाजूला झाले. सलामी झाली, मी खाली वाकून त्याच्या पायाला मिठी घातली आणि तो सरळ उताणा पडला. टाळ्या वाजल्या, मामा तर नाचायलाच लागला. पण समोरचं अंग मुद्दाम ढिलं सोडलेलं कुस्ती खेळणाऱ्याला कळतं. पडल्यापडल्या त्याने मित्रांकडे बघून डोळा मारला. मी त्याच्या कानाखाली मारली ती तेव्हा.

"नुरा केलीस!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. "ठरवून पडलास. खरी खेळ, न्हाईतर पैलवान म्हणून सांगू नगंस कुणाला."

खोट्या कुस्तीला नुरा म्हणतात. त्या मातीत याहून वाईट शिवी नाही. हलगी थांबली. तो उठला, गालावर माझी बोटं उमटली होती, आणि या वेळी त्याने मित्रांकडे बघितलं नाही.

मग त्याने माझी मान अशी धरली की डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याचं कपाळ माझ्या नाकावर आदळलं आणि रक्त ओठांवर आलं. मी कोपर वर घेतलं, त्याचा ओठ फाटला. त्याने मला तोंडावर पाडलं, माती दातांत गेली. मी वळवळून निसटले, पुन्हा भिडले, त्याच्या बरगडीत डोकं घातलं, तो कण्हला. मामा "सोडवा, सोडवा" म्हणत होता. शेवटी त्याने मला उचलून आपटलं. उजव्या खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं आणि दोन्ही खांदे मातीला लागले.

मी हरले. दुखत होतं म्हणून रडले, हरले म्हणूनही रडले. कडेने त्याचा मित्र ओरडला, "पोरीला पाडून काय मिळवलंस रं गड्या?"

तो तोंडातलं रक्त थुंकून उठला आणि म्हणाला, "तू ये की मग आत. खेळ हिच्यासंगं."  कुणी आत आलं नाही.

माझ्यावर त्याने सगळा जोर लावला होता, अगदी सगळा, आणि त्या घडीला मला तो परत हवा होता. मातीत पडल्यापडल्या, नाकातून रक्त वाहत असताना, मी ते त्याला मोठ्याने सांगून टाकलं. फड अजून चिडीचूप होता, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं. मामा माझ्या डोक्याशी उभा होता. मामाने आधी माझा खांदा नीट धरला, आणि मग त्या पोराच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.