भासऱ्यासमोर

आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात. भावजयीने त्याच्यासमोर यायचं नाही. आलीच तर पदर तोंडावर ओढून पाठमोरं उभं राहायचं. त्याच्याशी बोलायचं तर मुळीच नाही. काही सांगणं अगदीच गरजेचं असेल तर मधे तिसरं माणूस लागतं. तसं कुणी नसलं तर कडेवरच्या पोराला उद्देशून बोलायचं आणि भासऱ्याने ते ऐकून घ्यायचं. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी तिच्याकडून गेली, त्याची सुरुवात इथून करावी लागते. बाकीची कारणं मागाहून जोडली गेली.

बहीण छप्पन साली ऐन पेरणीत विधवा झाली. नवरा तापाने गेला. सासर मारेगावकडचं, आमचं गाव राळेगाव तालुक्यात. दिवस झाल्यावर मी तिला आणि तिच्या अडीच वर्षांच्या मुलीला घरी घेऊन आलो. आईवडील आधीच गेलेले. घरात मी, बायको आणि आमची दोन मुलं. मी राळेगावला कापसाच्या बाजारात काट्यावर वजनं बघायचो आणि घरची थोडी शेती होती. वेचणी सुरू झाली की घरातली प्रत्येक बाई वावरात जायची. बहीणही जायची, पोरीला घेऊन.

वावरात एक जुनी विहीर होती, कठडा नसलेली. तिच्यापासून जरा अंतरावर निंब होता आणि सावली तेवढीच. बहिणीने जुन्या लुगड्याची लांब पट्टी फाडली. एक टोक निंबाला बांधायची, दुसरं पोरीच्या कमरेला. पोरगी सावलीत हिंडेफिरे, मातीत खेळे आणि पट्टीचं टोक मुठीत धरून झोपी जाई. बहिणीने बांधली त्या पहिल्याच दिवशी मी ते अंतर मोजून घेतलं होतं. मापल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. पट्टी सात हात होती, विहीर झाडापासून सोळा हातांवर. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या हंगामात एक दिवस तिचे भासरे राळेगावच्या बाजाराला आले. भावाची पोर पाहून जावं म्हणून ते आमच्या घरी आले, घर बंद दिसलं, म्हणून वावरात गेले. वेचणाऱ्या बाया धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या पलीकडे होत्या. बहीण एकटीच अलीकडे होती. तिने भासऱ्यांना येताना पाहिलं, तुरीच्या ओळीत सरकली आणि पाठमोरी उभी राहिली. पोरगी निंबाखाली झोपली होती, कमरेला पट्टी. भासऱ्यांनी गाठ सोडली. कमरेवर लाल वळ होता, तो त्यांनी पाहिला. मग ते पोरीजवळ बराच वेळ बसून राहिले. त्यांना काही विचारता येईना, हिला काही सांगता येईना. पोरीला उद्देशून बोलावं तर ती झोपलेली. पोरगी जागी होण्याआधीच ते उठून निघून गेले. हे सगळं बहिणीने संध्याकाळी माझ्या बायकोला सांगितलं. तेव्हा ती हसत होती, तुरीत उभं राहून पाय भरून आले म्हणून.

संक्रांतीनंतर तिकडची चार माणसं बैलांची दमणी घेऊन आली. भासरेही होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. आमच्या बाजूचे जाणते लोक मी बोलावले. दारासमोरच्या सपरीत सतरंजी टाकली, चहा झाला आणि बोलणं निघालं. पोरगी आमची आहे, आमच्या घरी वाढावी, असं त्यांचं म्हणणं होतं. कारणं तीन सांगितली. आई मजुरासारखी वावरात राबते, तिला पोरीकडे बघायला सवड नाही. ती वयाने लहान आहे, उद्या दुसरं घर करील. आणि तिने पोरीला जनावरासारखं बांधून ठेवलं होतं. हे तिसरं सांगताना भासरे स्वतः बोलले. आवाज चढवला नाही. त्यांच्या घरी दोन म्हशी होत्या, पोरीच्या बापाच्या वाट्याची जमीन होती आणि तिला दिवसभर मांडीवर घेऊन बसेल अशी काकू होती. यातलं खोटं काहीच नव्हतं.

मी विहिरीचं सांगितलं. सात हात आणि सोळा हातही सांगितले. भासऱ्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विहीर होती तं पोरगी घरी ठेवाची." घरी कोणाजवळ ठेवायची, हे मी विचारलं, पण तोवर लोकांच्या डोळ्यांसमोर बांधलेली पोर उभी राहिली होती. तिच्यापुढे माझ्या आकड्यांना वजन राहिलं नाही.

शेवटी आमच्याच भावकीतला एक म्हातारा दाराकडे तोंड करून बसला. आत बायकांमध्ये बहीण होती. म्हातारा म्हणाला, "पोरी, दुसऱ्याचं बोलणं नोको. तुले पोर पाह्यजे का नाही, तेवढं तूच सांग."

आतून आवाज आला नाही. भासरे दारासमोर, चार हातांवर बसलेले. माझी बायको आतून म्हणाली की मी सांगते, तिला पोर पाहिजे. म्हातारा म्हणाला की तुझं नको, मायच्या तोंडून येऊ दे. मी त्याच्या कानाशी लागून म्हटलं की पाहुण्यांना जरा अंगणात बसायला सांगा. तो माझ्याकडे बघतच राहिला. "व्याह्याले सतरंजीवरून उठवाचं? तुह्या घरी?" भासऱ्यांना ते ऐकू गेलं असणार. त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला आणि तिथेच बसून राहिले.

"माय असती तं एव्हाना वरडली असती," तिकडचा कुणीतरी म्हणाला.

दोनच वर्षांपूर्वी शेजारच्या गावात अशाच बैठकीत एक विधवा दाराबाहेर येऊन मोठ्याने बोलली होती, भासऱ्यासमोर, दिरासमोर. त्या बैठकीत हाच म्हातारा होता आणि मीही होतो. तेव्हा तो म्हणाला होता, "जिले भासऱ्याची लाज नाही, ते पोराले काय वळण लावन?" त्या बाईचा मुलगाही गेला. बहिणीला ही गोष्ट माहीत होती. आमच्या घरातच ती कितीदा बोलली गेली होती.

पोरगी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. बहिणीने गाठोडं बांधलं, त्यात दोन झबली, लाकडी बैल आणि थोडे तिळाचे लाडू ठेवले. ती लुगड्याची पट्टी तिने हातात घेतली, पुन्हा खुंटीला टांगली. तिकडे गेल्यावर ती बघून लोक चिडतील असं तिला वाटलं असावं. पुढे निरोप आला की पोरगी महिनाभर नीट झोपली नाही, मुठीत काहीतरी धरायला मागते.

मी यवतमाळला एका वकिलाकडे गेलो. आपला जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि मुलांच्या ताब्याचा कायदाही नवा होता. वकील म्हणाले की पाच वर्षांच्या आतलं मूल शक्यतो आईजवळ ठेवावं असं त्यात आहे, अर्ज करा, आईची जबानी होईल. मी घरी येऊन सांगितलं. बहीण भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"कोर्टात भासऱ्याच्या समोर उभी करशीन काय मले, दादा?"

मी अनेकदा समजावलं, बायकोने समजावलं. पोरगी पाच वर्षांची झाली, मग सहाची झाली आणि आम्ही समजावणं सोडलं. बहिणीने दुसरं घर केलं नाही. वर्षातून एकदा मी तिला तिकडे नेत असे. पोरगी धडधाकट होती, शाळेत जात होती, काकूला आई आणि भासऱ्यांना आबा म्हणत होती. बहिणीला ती आत्या म्हणायची. कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पण बहीण त्या हाकेला ओ देत असे.

पासष्टच्या उन्हाळ्यात काकू वारली. पोरगी तेव्हा अकरा वर्षांची. तेराव्यानंतर भासऱ्यांचा निरोप आला की पोरीच्या आईला घेऊन या, पोरीला विचारून घ्या, ती येत असेल तर मी आडवा येणार नाही. मी दमणी जुंपली. वाटेत बहिणीने मला दोनदा विचारलं की आपल्याकडची शाळा कितवीपर्यंत आहे.

आम्ही पोचलो तेव्हा भासरे ओसरीवर बसले होते. बहिणीने पदर ओढला आणि दमणीच्या आडोशाला उभी राहिली. भासऱ्यांनी काठी घेतली, उठले आणि मागच्या गोठ्यात गेले. त्यांच्याच घरात त्यांना कुणी ऊठ म्हटलं नव्हतं.

बहीण आत गेली. मी दारात होतो. पोरगी चुलीपुढे बसली होती, हात पिठाचे.

"चालशीन काय माह्यासंग?" बहीण म्हणाली. मग जरा थांबून, "मी आत्या नाही, मी तुही माय हावो."

"मले माहीत हाये," पोरगी म्हणाली. तव्यावरची भाकर तिने उलटली, फुगेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "आबाले भाकर कोण करन?"

बहिणीने पुन्हा विचारलं नाही. पोरीच्या शेजारी बसून उरलेलं पीठ मळलं आणि दोघींनी मिळून भाकरी संपवल्या. आम्ही जेवलो. भासऱ्यांचं ताट पोरीने गोठ्यात नेऊन दिलं.

निघताना बहीण गोठ्याच्या कुडाच्या भिंतीजवळ थांबली. पदर तोंडावर घेतला, कुडाकडे पाठ केली. पोरगी शेजारी उभी होती. तिच्याकडे बघत बहीण म्हणाली, "आबाले सांगजो, त्या विहिरीले कठडा नव्हता."

कुडापलीकडे बैलाच्या घंटीचा आवाज झाला. मग भासऱ्यांचा आवाज आला, तोही पोरीलाच उद्देशून.

"म्हणाव, गाठ सोडली त्याच दिवशी विहीर मी पाह्यली होती."

बहिणीने पोरीच्या गालाला हात लावला आणि दमणीत बसली. पोरगी दारात उभी राहिली. दमणी वळणापार जाईपर्यंत भासरे गोठ्याबाहेर आले नाहीत. आले असते तर बहिणीला पदर ओढून घ्यावा लागला असता, आणि मागे बघता आलं नसतं.